समूह समुपदेशनातील संचालकाची नैतिक जबाबदारी (खानदेश)

सारख्या अडचणीतून जाणारी सात-आठ माणसे प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने ठरल्या वेळी एकत्र बसून बोलतात, त्याला समूह समुपदेशन म्हणतात. बैठक चालवणाऱ्याला या नोंदीत संचालक म्हटले आहे. बोस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग भरवले. या पद्धतीचा इतिहास बहुधा तिथून सांगतात.

सर्वांत अवघड जबाबदारी गोपनीयतेची. एकट्याशी बोलणारा समुपदेशक स्वतःचे तोंड मिटून ठेवू शकतो. समूहात ऐकणारे कान अनेक असतात. अमेरिकी समुपदेशन संघटनेची २०१४ ची आचारसंहितासुद्धा संचालकाकडून हमी मागत नाही. गोपनीयतेचे महत्त्व आणि तिच्या मर्यादा समजावून सांगाव्यात, एवढेच ती म्हणते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत ही मर्यादा फार जवळ येते. इथे लेक शेजारच्या गावात दिलेली, सून पलीकडच्या गावातून आणलेली. नाव न घेता ‘एका बाईच्या घरी’ एवढे म्हटले, तरी पारावर घर ओळखले जाते. म्हणून ‘इथली गोष्ट इथेच राहील’ हे वचन संचालकाने देऊच नये. त्याने असे सांगावे: ‘मी बाहेर बोलणार नाही. बाकीच्यांकडूनही शब्द घेऊ. पण कोणी तो मोडला, तर मला अडवता येणार नाही. हे धरून काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.’

स्वतःच्या मौनालाही अपवाद असतात. बालकाचा लैंगिक छळ झाल्याचे कळले किंवा होण्याची नुसती भीती वाटली, तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३ मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरती माहिती देण्याची मोकळीक ठेवतो. हे सगळे पहिल्याच बैठकीत सांगायचे असते. बाईने मन उघडल्यावर नियम सांगणे ही फसवणूक आहे.

सभासद निवडण्याआधी प्रत्येकाशी वेगळे बोलावे लागते. नणंद-भावजय, किंवा उसने देणारा आणि घेणारा एकाच वर्तुळात बसले, तर त्यांतला एक गप्पच राहणार. तयार बचत गट हाताशी असतो, त्यामुळे तोच समुपदेशनासाठी घ्यावा असा मोह होतो. पण कर्जाची वही सांभाळणारी ताईच संचालक झाली, तर हप्ता थकलेल्या बाईला ‘मला नाही बोलायचं’ म्हणण्याची मुभा उरत नाही. अशा दुहेरी नात्यातून ताईने स्वतः बाजूला व्हावे.

गप्प बसण्याचा हक्क जपणे हेही संचालकाचेच काम. कापूस हातचा गेला आणि नवऱ्याने विष घेतले, अशी बाई गटात असली की इतर जणी मायेनेच म्हणतात, ‘बोल ना ताई, मोकळी हो.’ त्या मायेचाही रेटा होतो. लीबरमन, यालोम आणि माइल्स या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये विद्यार्थी-गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक इजा आक्रमकपणे लोकांना डिवचणाऱ्या, प्रभावी व्यक्तिमत्त्वाच्या संचालकांच्या गटांत आढळली. ज्याला सगळे ‘दादा’ म्हणतात आणि ज्याचा शब्द मोडत नाहीत, त्या संचालकाने हा निष्कर्ष विशेष मनावर घ्यावा.

भाषेचा प्रश्न दुय्यम नाही. अहिराणीत किंवा लेवा बोलीत दुःख सांगणाऱ्याला प्रमाण मराठीत बोलायला लावले, की तो दोन वाक्यांत आटोपतो. सातपुड्यात पावरी किंवा भिलीसाठी दुभाष्या घेतला, तर गोपनीयतेचा शब्द त्याच्याकडूनही घ्यावा. तो बहुधा त्याच पाड्यातला असतो.

गट संपवण्याची तारीखही आधी ठरलेली हवी. नंदुरबारकडची अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यांची निघण्याची वेळ पाहून शेवटच्या दोन बैठका ठेवाव्यात, आणि ज्याचे मन अजून सावरलेले नाही त्याच्याजवळ टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.