ट्वीटरची मोजमापातून तुलना

साधारण 2 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज काढणारा स्पीकरमधला छोटा ड्रायव्हर म्हणजे ट्वीटर. असे दोन किंवा जास्त ट्वीटर एकाच बॅफलवर (ड्रायव्हर बसवायच्या सपाट फळीवर), एकाच अंतरावरून आणि एकाच आवाजाच्या पातळीला मोजायचे आणि त्यांचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज) आणि डिस्टॉर्शनचे (ट्वीटरने पदरचे घातलेल्या स्वरांचे) आलेख शेजारी लावून बघायचे, अशी ही पद्धत. यातलं ‘एकाच पातळीला’ हेच नेमकं विसरलं जातं.

कंपन्या सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला किती आवाज निघतो ते, 2.83 व्होल्ट, 1 मीटर अशी देतात. हे व्होल्टेज 8 ओहमला 1 वॅट होतं पण 4 ओहमला 2 वॅट, म्हणजे 4 ओहमवाल्याला कागदावर 3 डीबी फुकटात मिळतात. पीझोला (व्होल्टेज दिलं की वाकणाऱ्या सिरॅमिक चकतीच्या ट्वीटरला) तर हा वॅटचा हिशोब लागूच होत नाही, तो कपॅसिटरसारखा लोड आहे. म्हणून डिस्टॉर्शन बघताना व्होल्टेज नाही, मायक्रोफोनवरचे डीबी सारखे करून घ्यायचे. नाहीतर 95 डीबीचा हॉर्न (भोंगा लावलेला ट्वीटर) आणि 88 डीबीचा सिल्क डोम (रेशमी घुमटासारख्या पडद्याचा ट्वीटर) यांची तुलना म्हणजे निव्वळ टाइमपास.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकातला बॅफल 1.35 बाय 1.65 मीटरचा असतो आणि ड्रायव्हर मुद्दाम मध्यापासून बाजूला बसवतात, म्हणजे कडांवरून फुटणारा आवाज सगळीकडून एकदमच येत नाही. घरी छोट्या फळीवर मोजलं आणि दोन्ही ट्वीटरच्या आलेखात एकाच जागी सारखाच खड्डा दिसला तर तो बहुधा फळीचा, ट्वीटरचा नाही. खोलीचं म्हणाल तर ट्वीटरला फारशी अडचण नाही: ट्वीटर आणि माइक जमिनीपासून 1.2 मीटर उंच, दोघांत 1 मीटर अंतर असेल तर जमिनीवरून परतणारा आवाज साधारण 4.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो, नोंदीतला तेवढाच वेळ (खिडकी) ठेवून बाकीचं कापलं तरी 200 हर्ट्झच्या आसपासचं रिझोल्यूशन मिळतं, आणि ट्वीटरला तेवढं पुरे.

आधी ब्रुएल अँड केअर या मोजयंत्रांच्या कंपनीच्या पेन रेकॉर्डरवर साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच स्वर) काढत. पुढे एमएलएस (मॅक्सिमम लेंग्थ सीक्वेन्स, नॉइजसारखा ऐकू येणारा ठरावीक सिग्नल) आलं, स्पीकरच्या जगात त्याचा बोलबाला झाला तो बहुधा राइफ आणि वॅन्डरकूय यांच्या 1989च्या लेखानंतर. लॉग स्वीपची (प्रत्येक ऑक्टेव्हला सारखाच वेळ देणाऱ्या स्वीपची) कल्पना जुनीच, पण 2000 साली फरिना यांनी मांडलेल्या रूपात ती रूढ झाली असं धरतात. दोन्हींतून शेवटी ट्वीटरचा इम्पल्स (क्षणिक टिचकीला दिलेला प्रतिसाद) काढतात. एमएलएसमध्ये डिस्टॉर्शन सगळ्या इम्पल्सभर नॉइजसारखं पसरतं, स्वीपमध्ये प्रत्येक हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीचा स्वर) मुख्य इम्पल्सच्या आधी वेगळा पडतो, त्यामुळे या कामाला स्वीपच बरा.

डिस्टॉर्शन मूळ स्वराच्या तुलनेत उणे 40 डीबी म्हणजे 1 टक्का, उणे 60 म्हणजे 0.1 टक्का. तेवढ्याच आवाजासाठी एक ऑक्टेव्ह खाली उतरलं की डोमला चौपट हलावं लागतं, म्हणून ट्वीटरची खरी परीक्षा क्रॉसओव्हरजवळ (जिथे मोठ्या ड्रायव्हरकडून काम ट्वीटरकडे येतं तिथे), 1.5 ते 3 किलोहर्ट्झमध्ये. वर मात्र आलेख फसवतो. अॅल्युमिनियमच्या डोमचा ब्रेकअप (डोम एकसंध न हलता स्वतःच थरथरू लागतो ती जागा) साधारण 25 ते 28 किलोहर्ट्झला येतो. समजा तो 27ला आहे, तर 9 किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक बरोब्बर त्याच शिखरावर जाऊन बसतो आणि आलेखात 9ला डिस्टॉर्शनचा उंचवटा दिसतो. तो हार्मोनिक माणसाला ऐकू येत नाही, पण त्याच दोषातून इंटरमॉड्युलेशनचे फरक-स्वर खाली, ऐकू येणाऱ्या पट्टीत पडू शकतात, तेव्हा ते दोन स्वर एकत्र वाजवून वेगळं तपासावं लागतं. पोल पीसवर (कॉइलच्या आतल्या लोखंडी गाभ्यावर) तांब्याची टोपी घातली की कॉइलचा इंडक्टन्स कमी होतो आणि सहसा तिसरा हार्मोनिकही उतरतो. शांत खोली नसेल तर तळाचा नॉइजच डिस्टॉर्शन म्हणून वाचला जातो, हेही आहेच.

हे आकडे कानाला कितपत लागू पडतात यावर एकमत नाही. गेडेस आणि ली या संशोधकांनी 2003 साली दाखवलं की एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शनचा टक्का आणि ऐकणाऱ्यांचं मत यांचा जवळपास संबंधच लागत नाही. त्यांनी वरच्या क्रमांकाच्या हार्मोनिक्सना जास्त वजन देणारा वेगळा मापदंड सुचवला. टूल या संशोधकाच्या कॅनडातल्या ऐकण्याच्या चाचण्यांचा रोख रिस्पॉन्सकडे, म्हणजे समोरून सपाट आणि बाजूनेही सुरळीत. टूल यांची बाजू जास्त पटण्यासारखी वाटते, निदान दोन्ही ट्वीटर 0.5 टक्क्याच्या आत असतील तेव्हा तरी.

बाजूचं मोजमाप 30 आणि 60 अंशांवर तरी घ्यावं. 25 मिलिमीटरच्या डोमएवढी तरंगलांबी जवळपास 13.7 किलोहर्ट्झला येते, त्याच्या आसपास बाजूचा आवाज झपाट्याने पडतो, 19 मिलिमीटरचा डोम तिथे थोडा जास्त पसरतो. उंच रिबन (धातूच्या पातळ पट्टीचा ट्वीटर) आडवा छान पसरतो, उभा नाही, त्यामुळे त्याचे दोन्ही दिशांचे आलेख लागतात.