पॉलिगॉन वाढवून चेहरा जिवंत होत नाही

आर्वी-पुलगावकडची थ्रीडी शिकणारी पोरं अजूनही विचारतात, "दादा, माणूस खरा दिसायला पॉलिगॉन किती ठेवू?" पॉलिगॉन म्हणजे मॉडेलची जाळी ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी बनते ते. जितके जास्त तितका खरा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

संध्याकाळी बाबा बंडीवरून घरी येतात तेव्हा सूर्य त्यांच्या पाठीशी असेल, तर कान बघा. पाळी आतून लाल पेटल्यासारखी दिसते. प्रकाश कातडीवरून नुसता परतत नाही. तो आत शिरतो, विखुरतो आणि रक्ताची लाली घेऊन बाहेर पडतो. हेच सबसर्फेस स्कॅटरिंग. 2001 मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याचं व्यवहारात वापरता येईल असं गणित मांडलं. आज ब्लेंडर या फुकटच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे. बंद ठेवलं तर चेहरा प्लास्टरचा वाटतो, जास्त झालं तर मेणाचा.

मग चकाकी. घामेजलेलं नाक आणि कपाळ चमकतं, गाल तेवढा नाही. हा फरक रफनेस मॅपमध्ये, म्हणजे कातडी कुठे गुळगुळीत आणि कुठे खरबरीत हे सांगणाऱ्या चित्रात, रंगवावा लागतो. कातडीची छिद्रं नॉर्मल मॅप, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणारं चित्र, दाखवतो, त्यासाठी जाळी जड करायची गरज नाही. आणि खालच्या पापणीच्या काठावरची ती ओली रेघ! ती नसली की डोळा मेलेला वाटतो. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ तिथेच द्यावा.

विकत घेणाऱ्याला मॉडेल हलवायचंही असतं. तो आधी वायरफ्रेम, म्हणजे जाळीच्या नुसत्या रेघा, बघतो: तोंडाभोवती, डोळ्यांभोवती चौकोनांची वलयं नीट आहेत का. नसली, तर हसताना ओठांचे कोपरे चुरगळतात.