इंबर: गाव गेलं, चर्च राहिलं

इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीत सॅलिसबरी प्लेन नावाचं मोठं माळरान आहे, त्याच्या पार आत इंबर. आज तिथे एकही माणूस राहत नाही, पण सेंट जाईल्सचं चर्च १३व्या शतकापासून उभं आहे आणि अजूनही वर्षातून एकदा तिथे प्रार्थना होते.

गाव तसं कधीच मोठं नव्हतं, १८५१ ला ४४० माणसं होती तोच कळस, १९३१ पर्यंत १५२ वर आलं. १९२०च्या दशकाच्या शेवटी लष्कराने तिथली जमीन आणि घरं विकत घ्यायला सुरुवात केली, आणि गावातले बहुतेक लोक लष्कराची कुळं झाले. मला विचाराल तर गाव खरं तेव्हाच गेलं, पुढे फक्त नोटीस यायची बाकी होती.

ती आली १ नोव्हेंबर १९४३ ला. सगळ्यांना शाळेत बोलावून सांगितलं की ४७ दिवसांत गाव रिकामं करा, अमेरिकन सैनिकांना युरोपात उतरायच्या आधी गल्लीबोळातल्या लढाईचा सराव करायचाय. म्हणजे १७ डिसेंबर, नाताळ आठ दिवसांवर. गावचे लोहार आल्बर्ट नॅश ऐरणीवर डोकं टेकवून रडत होते असं सांगतात, चाळीसेक वर्षं त्याच भट्टीवर काम केलेला माणूस, थोड्याच दिवसांत गेले आणि शेवटी पुरायला त्यांना इंबरलाच आणलं. हे वाचलं की पोटात तुटतं.

युद्ध संपल्यावर परत येऊ असंच सगळे धरून चालले होते, पण लेखी काहीच नव्हतं. जानेवारी १९६१ मध्ये दोन हजारांवर लोक मोर्चा घेऊन गावात घुसले, मग चौकशी बसली, निकाल लष्कराच्याच बाजूने लागला. एक मात्र मिळालं: चर्च आणि दफनभूमी धर्मप्रांताच्याच, म्हणजे तिथल्या चर्चसंस्थेच्याच, ताब्यात राहिली होती, तिथे संत जाईल्सच्या दिवसाच्या, म्हणजे १ सप्टेंबरच्या, जवळच्या शनिवारी दरवर्षी प्रार्थना करायची परवानगी. घरं लष्कराची होती, लोक नुसते कुळं, म्हणून गेली, चर्च लष्कराचं नव्हतं म्हणून टिकलं.

२००९ पासून वर्षातल्या एका दिवशी जवळच्या वॉरमिन्स्टर शहरातून लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बस तिथे जातात. आत गेलात तर मनोऱ्याची भिंत नक्की बघा, कुठल्या घंटेनंतर कुठली वाजवायची तो क्रम १६९२ मध्ये कोणीतरी तिथे रंगवून ठेवलाय.