युद्धात समुद्रात बेपत्ता झालेल्या खलाशाचा शोध (खानदेश)

युद्धकाळात जहाजासह बुडालेल्या किंवा समुद्रात बेपत्ता झालेल्या, शव न मिळालेल्या खलाशाची ओळख, त्याचे जहाज, मृत्यूची तारीख आणि स्मारकावरील नोंद कागदपत्रांच्या आधारे निश्चित करण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील कुटुंबे असा शोध प्रामुख्याने दोन महायुद्धांतील आणि १९७१ च्या भारत-पाक युद्धातील माणसांबाबत घेतात. जमिनीवर पडलेल्या सैनिकाची कबर किंवा दहनभूमी कुठेतरी नोंदलेली असते. समुद्रात गेलेल्या माणसाच्या बाबतीत जहाजाचे नाव हाच एकमेव पत्ता उरतो. त्यामुळे माणूस शोधण्याआधी जहाज शोधावे लागते, आणि खानदेशात खरी अडचण नेमकी तिथेच येते.

खानदेशाला समुद्रकिनारा नाही. तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते, एवढाच काय तो दर्याशी संबंध. व्यापारी जहाजांवरची खलाशांची भरती परंपरेने रत्नागिरी, काठेवाड, गोवा, सिल्हेट, नोआखाली अशा भागांतून होई. त्या कुटुंबांना सारंग (खलाशांचा म्होरक्या), टिंडल (त्याच्या हाताखालचा मुकादम), जहाज कंपनी हे सगळे ठाऊक असे आणि एका गावातले अनेक जण एकाच बोटीवर असत. अमळनेर किंवा शहाद्याकडचा तरुण मात्र बहुधा एकटाच मुंबईला जाऊन बोटीवर चढलेला असे. त्याच्यासोबतचा, परत येऊन हकिकत सांगणारा गावकरी नसे. दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडे बदलले. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत ११४ अधिकारी व १,७३२ नाविक होते. युद्ध संपताना हे बळ सुमारे ३० हजारांवर गेले. एवढी वाढ केवळ किनाऱ्यावरच्या भरतीतून झाली नाही, समुद्र कधी न पाहिलेल्या मुलखांतूनही मुले नौदलात आली.

घरातील आठवण

शोधाची सुरुवात घरातल्या वृद्धांपासून होते. ‘तो बोटवर व्हता’ एवढेच वाक्य अनेक घरांत उरलेले असते आणि त्याचे किमान चार अर्थ निघू शकतात. माणूस नौदलात असेल, व्यापारी जहाजावर खलाशी, आगवाला (बॉयलरच्या भट्टीवरचा कामगार) किंवा भंडारी (स्वयंपाकी) असेल, सैन्यात असून सैनिकवाहू बोटीने जात असेल, किंवा मुंबई बंदरात गोदी कामगार असेल. हे चारही प्रकार वेगळे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण प्रत्येकाचे कागद वेगळ्या ठिकाणी आहेत. १६ मार्च १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने ‘एल मदिना’ ही बोट बुडवली. तिच्यावरच्या सैनिकांची नावे खलाशांच्या यादीत नव्हे, तर लष्कराच्या स्मारकांवर शोधावी लागतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे मेली. कुटुंबाच्या आठवणीत तेही ‘बोटीवर गेला’ असेच राहू शकते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पितरांच्या नावाने घागर भरतात आणि आगारी (विस्तवात नैवेद्याचा घास) टाकतात. कोणाकोणाच्या नावाने घागर भरली जाते हे विचारले, तर ज्याचे नाव एरवी बोलण्यात येत नाही असा चुलत आजोबाही समोर येतो. शव न मिळाल्याने काही घरांत पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केलेले असते. हा विधी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला झाला असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याचे नाव, गाव आणि आलेल्या नातलगांची नावे मिळण्याची शक्यता असते. या वह्यांकडे संशोधकांचे फारसे लक्ष जात नाही आणि हे मोठे नुकसान आहे.

ट्रंकेत जपलेल्या वस्तूंत खलाशाचे सेवापुस्तक (आजच्या भाषेत सीडीसी, म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट), पगारातली ठरावीक रक्कम घरी पाठवण्याचा कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, शोकपत्र आणि पदके असू शकतात. भारतीय दलांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सहसा सेवा क्रमांक व नाव कोरलेले असते. पदक पॉलिश करण्याआधी ती कड भिंगाखाली वाचावी. क्रमांक मिळाला, की निम्मे काम झाले.

गावचे दप्तर

खानदेशी शोधाचे खरे बळ महसुली कागदांत आहे. जमीन असलेल्या घरात माणूस मेला की वारस लावावे लागतात. वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) आणि फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) यांत मृताचे नाव, बापाचे नाव, वारस आणि कधी कधी ‘लढाईत मयत’ असा शेराही मिळतो. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये पूर्ण नाव व जन्मतारीख. जुन्या नोंदी अनेकदा मोडीत आहेत. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) हे मोडी कागदांच्या अभ्यासाचे या भागातील जुने केंद्र आहे. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसील कार्यालयांतील जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली व स्कॅन झाली. त्याचा फायदा या कामालाही होऊ शकतो.

गावच्या दप्तरातील मृत्युदिनांक मात्र जपून वापरावा. जहाज बुडाल्यानंतर आधी ‘बेपत्ता’, मग ‘मृत गृहीत’ असे कळवले जाई आणि पत्र गावात पोहोचेपर्यंत महिने उलटत. फेरफारावरची तारीख ही बहुधा तलाठ्याने नोंद घेतल्याची असते. काही नोंदी तर कित्येक वर्षांनी झाल्या, कारण सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकणारी तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती. आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. म्हणून स्मारकावरील तारीख १९४२ आणि वारस नोंद १९५० अशी असली, तरी माणूस एकच असू शकतो. या सात वर्षांत त्याची बायको ना सधवा ना विधवा अशी राहिली असेल, हे त्या कोरड्या नोंदीतून वाचता यायला हवे.

नाव आणि गाव

इंग्रजी याद्यांत भारतीय खलाशाचे नाव बहुधा स्वतःचे व बापाचे एवढेच असते. आडनाव असले, तरी ‘पाटील’ किंवा ‘चौधरी’वरून खानदेशात काहीच ठरत नाही. दगडू, धोंडू, उखा, झिपरू, नथ्थू ही नावे घरोघर होती आणि कारकुनाने ती कानाला लागली तशी लिहिली. त्यामुळे एकाच नावाची चार-पाच इंग्रजी रूपे गृहीत धरून शोधावे लागते. गावांचेही तेच. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव अशी गावे तालुक्या-तालुक्यांत आहेत. बुद्रुक की खुर्द, आणि नावापुढे ‘प्र.’ म्हणजे प्रगणे लावून कोणते अक्षर आहे, हे पाहिल्याशिवाय गाव ठरवू नये.

जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर ‘पूर्व खानदेश’ असेल तर आजचा जळगाव, ‘पश्चिम खानदेश’ असेल तर आजचे धुळे किंवा १ जुलै १९९८ रोजी वेगळे झालेले नंदुरबार. धुळ्याचे इंग्रजी रूप तेव्हा ‘धुलिया’ असे. जुन्या तालुक्यांसाठी १८८० च्या मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड उपयोगी आहे. त्यात साक्रीच्या जागी पिंपळनेर आणि शिंदखेड्याच्या जागी विरदेल आढळते.

जहाज आणि स्मारके

शव न मिळालेल्या महायुद्धकालीन खलाशांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाकडे (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) आहेत. हा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौदल व व्यापारी नौकादलाच्या सहा हजारांहून अधिक माणसांची नावे एका नामपुस्तिकेत आहेत. तिची एक प्रत मुंबईत याच इमारतीत, दुसरी चितगावला आहे. लंडनच्या टॉवर हिलवरील व्यापारी खलाशांच्या स्मारकात ही नावे शोधत बसू नये. आयोगाची सूची संगणकावर खुली आहे आणि तिच्यात जहाजाच्या नावानेही शोध घेता येतो.

जहाजाचे नाव कळले, की त्याचा अधिकृत क्रमांक लॉइड्सच्या नोंदवहीतून (जगभरच्या जहाजांची वार्षिक सूची) काढावा. लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात १९३९ ते १९४५ चे खलाशी करार (जहाजावर घेतलेल्या माणसांच्या याद्या) बीटी ३८१ या मालिकेत जहाजाच्या या क्रमांकानुसार लावलेले आहेत, खलाशाच्या नावाने नव्हे. आशियाई खलाशांचा करार बहुधा वेगळा असे, त्यामुळे एक यादी पाहून ‘नाव नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. वर्तमानपत्रे या कामी फार हात देत नाहीत. युद्धातील सेन्सॉरमुळे बुडालेल्या जहाजांची बातमी उशिरा आणि अपुरी येई.

काही घटनांची माहिती पुष्कळ आहे. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ क्रीटजवळ बुडाली. २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ मुंबईजवळच ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगावर आदळली. जानेवारी १९४२ च्या अखेरीस सिंदिया कंपनीची ‘जलतरंग’ व ‘जलपालक’ ही जहाजे गेली. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेल्या ‘तिलावा’वर २३ तारखेला जपानी पाणबुडीने पाणतीर सोडले. जहाजावरच्या ९५८ जणांपैकी २८० दगावले, वाचलेल्यांना चार दिवसांनी मुंबईला आणले गेले. त्यात खलाशी आणि प्रवासी दोन्ही होते, आणि प्रवाशांची नावे खलाशांच्या स्मारकावर येत नाहीत.

‘बेपत्ता’ म्हणजे नेहमीच मृत नव्हे. जर्मनांनी पकडलेल्या व्यापारी खलाशांना ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत ठेवले जाई आणि त्यांत भारतीयही होते. कैद्यांच्या नोंदी जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे आहेत.

१९७१ चे युद्ध

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. त्यांचे स्मारक दीवला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे २०१९ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आहेत. नौदलातील नाविकांचे सेवाभिलेख मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. वारसांनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत तिथे अर्ज करावा. व्यापारी खलाशाच्या वारसांना हे कार्यालय मदत करू शकत नाही, कारण तो माजी सैनिक गणला जात नाही. त्यांनी मुंबईच्या शासकीय शिपिंग कार्यालयाकडे जावे.

नाव नसल्यास

आयोगाच्या सूचीत नाव न मिळण्याचे एक कारण नियमात आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत नौदलातला माणूस कोणत्याही कारणाने मेला तरी तो पात्र ठरतो. व्यापारी खलाशाचा मृत्यू मात्र शत्रूच्या कारवाईमुळे किंवा युद्धजन्य धोक्यामुळे झालेला असावा लागतो. म्हणून बोटीवर तापाने गेलेला व्यापारी खलाशी यादीत नसतो. पात्र असूनही राहून गेलेले नाव पुराव्यासह अर्ज केल्यास आजही जोडता येते, चुकीचे लिहिलेले नाव दुरुस्त करता येते. अर्जासोबत सेवापुस्तक किंवा पदकावरील क्रमांक, वारस नोंदीची साक्षांकित नक्कल, तिचे इंग्रजी भाषांतर आणि जहाजाच्या करारावरील नोंद असे दोन्ही टोकांचे कागद द्यावेत. केवळ नाव जुळते म्हणून अर्ज करू नये. तसे केल्यास दुसऱ्या कुठल्या तरी घरातल्या दगडूची जागा आपल्या दगडूला दिली जाते.