अ‍ॅलर्जीच्या गोळीवरच्या सूचना आल्या कुठून?

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद सहसा कोणी उघडत नाही. उघडला तरी ‘गुंगी येऊ शकते, वाहन चालवू नये’, ‘मद्यपान टाळावे’, ‘इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे’ हे वाचून नेहमीचंच म्हणून परत कोंबला जातो. या ओळी मात्र कोणी उगाच सावधगिरी म्हणून लिहून ठेवलेल्या नाहीत. बहुतेक ओळींमागे काहीतरी घडलेलं आहे, आणि एका औषधाच्या बाबतीत तर माणसं दगावली आहेत.

सुरुवात हिस्टामिनपासून. 1910 मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हे रसायन प्राण्यांना टोचून पाहिलं. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या, इतर प्राण्यांचा रक्तदाब कोसळला. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द त्याच्या चारच वर्षं आधी क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी वापरात आणला होता. हे रसायन आपल्याच शरीरात असतं आणि शिंका, खाज, अंगावर उठणारं पित्त यामागे त्याचा मोठा हात असतो, हे सिद्ध व्हायला मात्र पुढची बरीच वर्षं गेली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी श्टाउब यांना 1937 मध्ये हिस्टामिनला अडवणारं पहिलं संयुग सापडलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी होतं. माणसाला देता येईल असं औषध 1942 मध्ये फ्रान्समध्येच आलं, आणि 1946 मध्ये अमेरिकेत डायफेनहायड्रामिन. बोव्हे यांना 1957 चं नोबेल मिळालं.

या गोळ्या हिस्टामिन नष्ट करत नाहीत. ते पेशीवर जिथे जाऊन चिकटतं, ती जागा त्या आधीच अडवून बसतात. म्हणून परागकणांच्या दिवसांत त्रास सुरू व्हायच्या आधी घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. आणि म्हणूनच घसा सुजून श्वास अडकतो, रक्तदाब उतरतो अशा तीव्र अ‍ॅलर्जीत ही गोळी पुरी पडत नाही. तिथे हिस्टामिनखेरीज इतरही रसायनं उसळलेली असतात आणि वेळ मिनिटांचा असतो. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. गोळी देऊन ‘बघू थोडा वेळ’ म्हणणं जिवावर बेतू शकतं.

या सुरुवातीच्या, म्हणजे पहिल्या पिढीच्या औषधांची खोड म्हणजे ती सहज मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिन आपल्याला जागं ठेवण्याचं काम करतं. तेच अडवलं की झापड येणारच. गंमत अशी की, या खोडीचाही धंदा झाला. 1947 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पित्त उठणाऱ्या एका गर्भवतीला डायफेनहायड्रामिनपासून केलेलं नवं औषध दिलं होतं. तिने येऊन सांगितलं की, ट्राममध्ये बसलं की जन्मभर होणारी मळमळ आता होत नाही. त्यातून प्रवासात ‘गाडी लागू नये’ म्हणून घ्यायची गोळी जन्माला आली. झोपेच्या गोळ्याही याच घराण्यातून निघाल्या.

गुंगी किती खोल असते, हे 2000 मध्ये अमेरिकेतल्या आयोवातल्या एका अभ्यासाने दाखवलं. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर 40 जणांना वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन हे नंतरचं कमी गुंगीचं औषध, मद्य आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी देऊन गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावरचं चालवणं मद्य घेतल्यावरच्या चालवण्यापेक्षाही वाईट निघालं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त धोक्याचा वाटतो: आपल्याला किती झोप येतेय हे माणसं जे सांगत होती, त्यावरून त्यांचं चालवणं किती बिघडलंय याचा नीट अंदाज येत नव्हता. ‘मला काही होत नाही’ या वाक्याला इथे फारशी किंमत नाही.

ही जुनी औषधं हिस्टामिनपुरतीच थांबत नाहीत. तोंड कोरडं पडणं, लघवी तुंबणं, वय झालेल्या माणसांत गोंधळ उडणं, तोल जाऊन पडणं, हेही त्यांच्यामुळे होतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. लहान मुलाला झोपवण्यासाठी तर कधीच देऊ नयेत.

सर्दीचं प्रकरण थोडक्यात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ही औषधं सर्दी बरी करतात अशी हवा झाली आणि खप उसळला. नीट चाचण्या झाल्या तेव्हा हवा गेली. पण सर्दीच्या मिश्र औषधांत ती टिकून राहिली. त्यामुळे अ‍ॅलर्जीची एक गोळी आणि वर सर्दीचं सिरप घेणाऱ्याच्या पोटात एकाच जातीचं औषध दोनदा जातं. नावं वेगळी असली तरी घटक वाचून बघावेत.

गुंगी न आणणारं औषध म्हणून टर्फेनाडिन 1985 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि अफाट चाललं. 1990 मध्ये 39 वर्षांच्या एका स्त्रीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. ती डॉक्टरांनी दिलेलं टर्फेनाडिन घेत होती, आणि मधेच बुरशीच्या संसर्गासाठी स्वतःच्या मनाने किटोकोनाझोल सुरू केलं होतं. दोन दिवसांत तिला चक्कर येऊन शुद्ध हरपायला लागली. ईसीजीत हृदयाचे ठोके जीवघेण्या पद्धतीने भरकटलेले दिसले. ती वाचली, पुढे अशा नोंदी वाढत गेल्या आणि सगळेच वाचले नाहीत. एरवी टर्फेनाडिन पोटातून रक्तात जाताना यकृतात जवळजवळ पूर्ण बदलून जातं. किटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन किंवा ग्रेपफ्रूटचा रस ते काम करणारं एन्झाइम रोखतात. मग न बदललेलं टर्फेनाडिन थेट हृदयापर्यंत पोचतं आणि ठोक्यांची लय सांभाळणारी पोटॅशियमची वाट बंद करतं.

यकृतात बदलून जे तयार होत होतं ते फेक्सोफेनाडिन, आणि अ‍ॅलर्जीला खरा आराम त्यानेच पडत होता! ते 1996 मध्ये स्वतंत्र औषध म्हणून मंजूर झालं, 1998 मध्ये टर्फेनाडिन अमेरिकी बाजारातून गेलं, पुढच्या वर्षी अस्टेमिझोल हे तसंच दुसरं अ‍ॅलर्जीचं औषधही. ‘इतर औषधं सांगा’ या ओळीचं वजन इथून वाढलं. फेक्सोफेनाडिनलाही एक अट चिकटलेली आहे: ते फळांच्या रसाबरोबर कमी शोषलं जातं, तेव्हा साध्या पाण्याबरोबर घ्यावं.

आज सर्वाधिक चालणारी सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही दुसऱ्या पिढीची, म्हणजे मेंदूत कमी शिरणारी. सेटिरिझिनने काहींना झोप येतेच, त्यामुळे पहिली गोळी रात्री घेऊन बघावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करून घ्यावा लागतो. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने आणखी एक इशारा दिला: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन रोज कित्येक महिने घेऊन अचानक थांबवल्यावर काही जणांना अंगभर असह्य खाज सुटली. असं क्वचित होतं, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांची खाज गेली. काहींना त्यानंतर ते हळूहळू कमी करत बंद करता आलं. तेव्हा बऱ्याच दिवसांची रोजची गोळी सोडायची असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं, आणि सोडल्यावर खाज सुटली तर ती जुनी अ‍ॅलर्जीच उलटली असं लगेच धरू नये.