स्टेजवरचा माणूस नेमकं काय वाजवतोय?

१९९२ साली ब्रिटनच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात 'द ऑर्ब' या इलेक्ट्रॉनिक जोडगोळीला बोलावणं आलं. त्यांची ताजी रचना जवळजवळ चाळीस मिनिटांची होती, तरीही लोकप्रियतेच्या यादीत वर चढलेली. कार्यक्रमात तिचा छोटा तुकडा वाजणार होता. अशा वेळी कलाकारांनी गिटार गळ्यात अडकवून वाजवल्याचा आव आणायचा, ही तिथली जुनी रीत. या दोघांनी स्टेजवर बुद्धिबळाचा पट मांडला आणि मागे आपलंच संगीत चालू असताना निवांत खेळत बसले. चावटपणा होता, पण प्रामाणिक चावटपणा!

दहा-वीस यंत्रं, वायरींचं जंजाळ आणि त्यामागे मान हलवणारा एक माणूस, हे दृश्य पाहून 'हा नुसता प्ले दाबतो' अशी शंका कुणालाही येते. तिला २०१२ मध्ये घरातूनच दुजोरा मिळाला. डेडमाऊस या नावाने उंदराचा भलामोठा मुखवटा घालून कार्यक्रम करणाऱ्या जोएल झिमरमन या कॅनेडियन कलाकाराने लिहून टाकलं, की आम्ही सगळेच प्ले दाबतो. गदारोळ उठला. त्याने पुढे दिलेला तांत्रिक तपशील मात्र फारशा कुणी वाचला नाही. खरी मेख त्यात आहे, तिच्याकडे येऊच.

आधी आपल्याकडचा ऑक्टोपॅड घेऊ. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात तो वाजवणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही. खरं तर तिथे ढोलकी नसतेच. काठी पॅडवर पडते, खालचा सेन्सर धक्क्याचा जोर मोजून त्याचा १ ते १२७ मधला एक आकडा करतो आणि यंत्र आधी साठवलेला ढोलकीचा आवाज त्या जोराने सोडतं. हा ठोका दुसऱ्या यंत्राला कळवायचा असेल, तर १९८३ पासून रूढ झालेल्या मिडी या पद्धतीने तीन बाइटांचा संदेश जातो. त्याला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे आवाज ध्वनिमुद्रितच, पण काठी पडली आणि आवाज आला, एवढं पाहिलं की आपलं समाधान होतं.

सिक्वेन्सर नावाचं यंत्र हीच साखळी तोडतं. कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात, हे त्यात आधी भरून ठेवायचं. मग घड्याळ चालू केलं, की यंत्र तेच पुन्हापुन्हा वाजवत राहतं. मिडीच्या घड्याळाचे टोले एका मात्रेला २४ पडतात आणि त्यांच्या आधारावर सगळी यंत्रं एका लयीत बांधली जातात. एवढं झाल्यावर माणसाला काम काय उरतं? बरंच उरतं. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तेव्हा नवी कोरी असलेली यंत्रं घेऊन दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून मुरलेला हा माणूस. त्यांच्याकडच्या टीबी-३०३ या छोट्या डबीत स्वर एकेक करून भरावे लागतात, ते काम किचकट आणि कंटाळवाणं. पण एकदा भरले की तिच्यावरची बटणं फिरवत राहायचं. तोच स्वरसमूह कधी घुमा येतो, कधी चिरका, कधी किंचाळतो. २०१० मध्ये ही रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली आणि उतारवयात सिंग यांनी ते संगीत युरोपातल्या श्रोत्यांसमोर वाजवलं. स्वर यंत्राचे, आवाजाचा पोत हाताचा. याला वादन म्हणायचं की नाही? मी म्हणेन.

ब्रिटनच्या 'ऑर्बिटल' या दोघा भावांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या साध्याशा सिक्वेन्सरला आठ ट्रॅक आणि आठ बटणं होती. कोणता थर चालू, कोणता बंद, ठेका किती वेळ अडवून धरायचा आणि गर्दी अगदी उतावीळ झाली की कधी सोडायचा, हे ते उभ्या-उभ्या ठरवायचे. १९९४ च्या ग्लास्टनबरी महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम आजही लोक आठवतात. रॉक बँडसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या मैदानात यंत्रवाल्यांना खरा मान मिळाला तो तेव्हापासून.

मग प्रेक्षकाला हे सगळं दिसत का नाही? बर्लिनमध्ये तयार झालेलं 'एबल्टन लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये बाजारात आलं आणि आज असंख्य स्टेजवरच्या लॅपटॉपमध्ये तेच असतं. त्यात संगीताचे तुकडे चौकटींमध्ये मांडलेले असतात. चौकट दाबली की तो तुकडा लगेच वाजत नाही. लय बिघडू नये म्हणून सॉफ्टवेअर सहसा पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीपर्यंत थांबतं. मिनिटाला १२० मात्रांची गती आणि चार मात्रांचं आवर्तन धरलं, तर ही वाट दोन सेकंदांपर्यंत लांबू शकते. इथे आपला मेंदू हरतो. डोळ्यांनी पाहिलेली हालचाल आणि कानांनी ऐकलेला आवाज ही एकच घटना, असं तो मानतो ते दोन्हींमध्ये फार तर पाव सेकंदाच्या आसपास अंतर असेल तोवर. दोन सेकंदांपूर्वी हललेल्या बोटाचा आत्ताच्या ठेक्याशी संबंध तो लावूच शकत नाही. बटण फिरवून आवाज हळूहळू बदलला, तर आणखीच पंचाईत, कारण तिथे डोळ्याने पकडावा असा क्षणच नसतो. त्यामुळे कलाकार खरोखर काम करत असताना रिकामा वाटतो. उलट हात हवेत उंचावले की तो वाजवतोय असं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा हात एकाही यंत्रावर नसतो!

डोळ्यांचं हे वर्चस्व फक्त नाचणाऱ्या गर्दीपुरतं नाही. चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये अभिजात संगीताच्या स्पर्धांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अंतिम फेरीतल्या तिघांपैकी विजेता कोण, हे ओळखायचं होतं. आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणाऱ्यांना विजेता जास्त वेळा ओळखता आला, नुसतं ऐकणाऱ्यांना कमी. जाणकार संगीतकारही याला अपवाद ठरले नाहीत.

आता डेडमाऊसच्या तपशिलाकडे. त्याने सांगितलं होतं, की त्याच्या मोठ्या कार्यक्रमात संगणक बऱ्याच अंशी आधी जुळवून ठेवलेले थर सोडतो आणि त्याच वेळी टाइमकोड नावाचा संकेत दिवे आणि पडदे सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतो. टाइमकोड म्हणजे तास, मिनिटं, सेकंद आणि चित्रचौकटीचा क्रमांक यांचा अखंड पाढा. अमुक सेकंदाला पडद्यावर स्फोट, तमुक सेकंदाला लेझर, हे सगळं त्यावर बेतलेलं. कलाकाराला वाटलं की आज हा भाग आणखी अर्धा मिनिट ताणावा, तर पडद्यावरचा स्फोट त्याच्यासाठी थांबणार नाही. म्हणून माझं मत असं, की इलेक्ट्रॉनिक संगीतातला जिवंतपणा यंत्रांनी फारसा खाल्लेला नाही, तो भव्य पडद्यांनी खाल्ला. तिकीट जितकं महाग आणि रोषणाई जितकी अचूक, तितकी कलाकाराची मोकळीक कमी, ही शक्यता दाट. लहानशा क्लबमध्ये दोन यंत्रं घेऊन उभा राहिलेला अनोळखी पोरगा पुष्कळदा जास्त वाजवत असतो.

जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क'मध्ये दोन्ही टोकं दिसतात. १९८१ च्या दौऱ्यात त्यांनी आपला अख्खा स्टुडिओ स्टेजवर नेला. अलीकडच्या कार्यक्रमांत चौघं चार टेबलांमागे पुतळ्यांसारखे उभे असतात आणि मागे त्रिमिती चित्रं सरकत राहतात. एका रचनेत तर स्टेजवर माणसांच्या जागी खरोखरचे यंत्रमानव आणून ठेवायचीही त्यांची पद्धत होती. पण शेवटी एकेक जण काही क्षण मनसोक्त वाजवतो, झुकून नमस्कार करतो आणि निघून जातो. तेवढ्यात कळतं, की मघापासून कोण काय करत होतं.

आणि आपण तरी यंत्राला नेहमी नाक कुठे मुरडतो? शास्त्रीय मैफलीत गायकाशेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असतो. बटण दाबलं की तो दोन तास न चुकता सूर धरतो. त्यावरून मैफल खोटी, असं कुणी म्हणत नाही, कारण तानपुऱ्याने काही ठरवावं अशी अपेक्षाच नसते. ठरवणारा समोर बसलेला असतो.

ठरवण्याचं काम यंत्रावर किती टाकलं होतं, हे कधी कधी फजिती झाल्यावर कळतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात ग्राइम्स या कलावतीच्या डीजे-सेटमध्ये गाण्यांच्या गतीचे आकडे दुप्पट नोंदले गेले होते. तयारी तिने दुसऱ्यांवर सोपवली होती. गाणी जुळेनात, तोंडी हिशेब करता करता ती वैतागली आणि नंतर तिने जाहीर माफीही मागितली.

काहींनी या पेचावर सरळ उपाय काढला. २००४ मध्ये जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये सुरू झालेल्या 'टॉपलॅप' गटाचे लोक स्टेजवर बसून प्रोग्रॅम लिहितात आणि त्या ओळींमधून संगीत निघतं. त्यांच्या जाहीरनाम्यात एक मागणी आहे: तुमचे स्क्रीन आम्हाला दाखवा. म्हणून प्रत्येक ओळ, प्रत्येक खाडाखोड मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसते. कोड न कळणाऱ्यालाही एवढं समजतं, की ओळ बदलली आणि ठेका बदलला.

'ऑटेकर' ही इंग्लिश जोडी नेमकं उलटं करते. ते दिवे मालवून वाजवतात, म्हणजे पाहायला काही नाहीच. त्यांनी २०१५ मध्ये आपल्या दौऱ्यातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं विक्रीला ठेवली. ती लागोपाठ ऐकली, तर मालमसाला ओळखीचा असूनही एकाही शहरातली वाट दुसऱ्या शहरासारखी लागत नाही. कुणी प्ले दाबतोय असा संशय आला, तर त्याच कलाकाराचे दोन रात्रींचे कार्यक्रम असे शेजारी-शेजारी ठेवून ऐकावेत, डोळे मिटून.