गोव्यातील दिखाऊ उपभोग आणि शाश्वत विकासाची जाणीव : पार्श्वभूमी

आपली पत चारचौघांच्या नजरेत भरावी म्हणून गरजेपलीकडे केलेला खर्च म्हणजे दिखाऊ उपभोग, ही मांडणी थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये केली आणि वरच्या थराचे अनुकरण खालचे थर कसे करत जातात तेही दाखवले. शाश्वत विकासाची आज रूढ असलेली व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची. जबाबदार उपभोगाला संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांत बारावे स्थान मिळाले ते २०१५ मध्ये. गोव्यात मात्र मिरवणे आणि राखणे या दोन्ही वृत्ती या संज्ञांच्या कितीतरी आधीपासून शेजारी-शेजारी, पुष्कळदा एकाच घरात, नांदत आल्या आहेत.

१५८३ मध्ये जुन्या गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील पोर्तुगिजांचे वर्णन करून ठेवले आहे : संथ, रुबाबदार चाल, आणि ऊन-पाऊस लागू नये म्हणून डोक्यावर छत्र धरून चालणारा गुलाम. त्याच काळात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीच्या गावांत गावकरी संस्था, म्हणजे मूळ गावकर घराण्यांनी गावची सामाईक जमीन सांभाळण्याची व्यवस्था, चालत होत्या. त्यांपैकी तिसवाडीतल्या संस्थांचे रीतिरिवाज १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे रूढींच्या सनदेत, पोर्तुगिजांनीच नोंदवून घेतले होते. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि खाऱ्या पाण्याला अडवणारे झडपांचे दरवाजे (मानशी) सांभाळणे हा सामाईक उत्पन्नावरचा मोठा भार असे, आणि सारा व सामाईक खर्च भागल्यावर उरेल त्याची वाटणी होई. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते : वाटणीचा हक्क वंशपरंपरेने मूळ गावकर घराण्यांकडे होता, आणि बांधावर चिखल वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो नव्हता.

पुढच्या शतकांत दिमाख शहरातून गावातल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यांत आला. उंच जोत्याचे घर, पुढे बाल्कांव (बैठकीचा ओटा), शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या, आणि भाटात (बागायतीत) कुठेतरी मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, मातीची खोप. मुंडकाराची खोप भाटकाराच्या मर्जीवर उभी असल्याने घर कसे आणि केवढे बांधावे, हे तिथे पैशावर ठरत नसे. १९५५ च्या सुमारास भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीतही पणजी-मडगावच्या दुकानांत घड्याळे, परदेशी मद्ये आणि कापड यांची चंगळ होती, कारण खनिज निर्यातीतून येणारे परकीय चलन पोर्तुगीज सरकारने आयातीसाठी मोकळे ठेवले होते.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या जमिनीवर राहिलेल्या कुटुंबांना पायाखालच्या जमिनीवर हक्क दिला. याच काळात आखाती नोकऱ्यांचा आणि तारवट्यांचा (जहाजांवर काम करणाऱ्यांचा) पैसा गावागावांत येऊ लागला. त्यातून उभे राहिलेले सिमेंटचे दुमजली घर, मोठ्या सभागृहातले लग्न, दारातली मोटार यांकडे नुसता बडेजाव म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. ज्यांना एकेकाळी भाटकाराच्या बाल्कांवावर पाय ठेवायची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी तो खर्च म्हणजे बरोबरीची जाहीर घोषणा होती. काटकसरीचा उपदेश गोव्यात फारसा रुजत नाही त्याचे एक कारण इथे आहे : तो बहुधा ज्यांचे मिरवून झाले आहे त्यांच्याकडून येतो.

खाणींनी हा प्रवाह कैक पटींनी वाढवला. चीनच्या मागणीमुळे २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५ कोटी टन लोहखनिज बाहेर गेले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत कर्ज काढून ट्रक घेतले गेले, आणि ट्रकमागून घरे, गाड्या, सोने आले; दुसरीकडे शेतांत लाल गाळ साचला आणि विहिरी आटल्या. पुष्कळ घरांत ट्रकही होता आणि गाळाखाली गेलेले शेतही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के वाटा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. पुढच्या पिढीचा वाटा गोव्यात प्रथमच असा रुपयांत मोजला गेला.

नागरिकांची पर्यावरणविषयक जाणीव मात्र न्यायालयाने घडवलेली नाही. सत्तरच्या दशकात वेळसांवच्या किनाऱ्यावर खत कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध लोक उभे राहिले, त्याच दशकात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छिमारांनी, ट्रॉलरविरुद्ध झुंज दिली, १९९५ मध्ये केरीचा नायलॉन प्रकल्प हटला, २००७ मध्ये जमीनवापर ठरवणारा प्रादेशिक आराखडा रद्द झाला आणि विशेष आर्थिक क्षेत्रे गुंडाळावी लागली, तर २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरच्या रेल्वेमार्गावर रात्र जागवली गेली. या लढ्यांत एक समान धागा आहे. शत्रू प्रत्येक वेळी बाहेरचा होता : कंपनी, सरकार, दिल्लीचा बिल्डर. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले. ‘सेकंड होम’वाल्यांवर रोष होतो तो रास्तच आहे, पण त्यांना जमीन विकणारा आपल्याच वाड्यावरचा असतो, याची चर्चा दबक्या आवाजात होते.

आपल्या हौसेपर्यंत ही जाणीव किती पोहोचली हे नरकचतुर्दशीच्या पहाटे दिसते. लाकडी सांगाडा, गवत आणि रद्दी कागद यांचा पूर्वीचा नरकासुराचा पुतळा आता कित्येक ठिकाणी लोखंडी सळ्यांवर दोन मजल्यांएवढा चढतो. देणगी पुढाऱ्याची, बक्षीस स्पर्धेचे, आणि रात्रभर भिंती हादरवणारा आवाज. उजाडल्यावर अर्धवट जळलेले धड, तारा आणि वितळलेले मुखवटे चौकात पडून राहतात आणि पालिकेचे कामगार ते उचलतात. खाण नको म्हणून मोर्चात चाललेला तरुण नरकासुर उभारणाऱ्या मंडळाचा वर्गणीदार असू शकतो, आणि त्याला स्वतःला त्यात विसंगती वाटत नाही.

माटोळीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. चवथीला गणपतीच्या वर रानफळांनी, वेलींनी आणि बागेतल्या फळांनी सजवलेली ही लाकडी चौकट म्हणजे गावाच्या वनस्पतिज्ञानाचे प्रदर्शनच. कला आणि संस्कृती खात्याच्या स्पर्धेमुळे तिची प्रतिष्ठा वाढली आणि आजीला ठाऊक असलेली झाडांची नावे नातवंडांच्या तोंडी आली. मात्र चढाओढीत दुर्मीळ फळांचा सोस वाढतो आणि त्यासाठी रान ओरबाडले जाते, ही तक्रारही तितकीच खरी आहे. म्हणूनच काही घरे आता माटोळीला लागणारी झाडे आपल्याच परसात लावू लागली आहेत.